आत्याच्या आवाजाची दुरुस्ती

कोळ्याच्या घरात जन्माला येऊन बाबांना होडी लागायची. किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की ते काठावर ओणवे व्हायचे आणि सकाळची भाकरी माशांना परत करायचे. आजोबांनी पुष्कळ उपाय केले, लिंबू हुंगवलं, कमरेला दोरा बांधला, शेवटी शिव्या दिल्या. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून बाबांना एक कर्णा आणि एक अॅम्प्लिफायर घेऊन दिला, आणि आमच्या दांडी गावातल्या एकुलत्या एका कोरड्या कोळ्याचा धंदा सुरू झाला. लग्न, सत्यनारायण, बारसं, निवडणूक, काहीही असो, आमचे कर्णे नारळाच्या झाडावर चढत. त्यामुळे आमच्या घरात माणसांपेक्षा कर्णे जास्त होते. पलंगाखाली कर्णे, माळ्यावर कर्णे, आणि सुगी नसली की एखाद्या उताण्या कर्ण्यात आई कांदे ठेवायची. वायरींची भेंडोळी बोंबील वाळत घालायच्या बांबूंवरच लटकायची. ती पावसाळ्याआधी आत घेतली जात, बोंबलांबरोबरच, आणि वर्षभर त्यांचा वास काही जायचा नाही. पालघरकडच्या एका लग्नात भटजींनी माइक तोंडाजवळ घेतला, मंगलाष्टकाची पहिली ओळ म्हटली आणि उरलेली सगळी नाकाला उपरणं लावून म्हटली. बाबांचं म्हणणं असं, की त्यामुळे आवाज उलट गोड आला.

अशा घरात वाढल्यामुळे मला कान आहे, असं मी लहानपणीच ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या कुणी ते ठरवलेलं नव्हतं. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाईंची पेटी एका पट्टीत आणि मुली दुसऱ्या पट्टीत जात, तेव्हा मी हात वर करून तसं सांगत असे, आणि बाई मला ओळीत सगळ्यात मागे उभं करत. घरी आई बोंबलाचं आंबट ढवळत असली की मी सांगायची, पळीचा आवाज बदलला, आता उतरव. आई म्हणायची, "नंदे, तू तुझ्या कानानं जेव, आमी तोंडानं जेवतो." ती चिंच जरा जास्त घालायची. तांदळाच्या भाकरीबरोबर ते आंबट, आणि बाजूला सुकटाची चटणी, एवढं असलं की बाबा जेवताना कुणाशी बोलत नसत. आज पथ्यामुळे मला चिंच वर्ज्य आहे. ज्या डॉक्टरने ती बंद केली त्याने आयुष्यात कधी बोंबील खाल्लेला नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळतं.

बाबांकडे एक सेलवर चालणारा टेपरेकॉर्डरही होता. सेल महाग, म्हणून संपलेले सेल बाबा उन्हात वाळत घालायचे. उन्हात ठेवले की त्यांच्यात थोडी धुगधुगी येते, हे खरंच आहे. तेव्हा अर्ध्या गावात तीच रीत होती. आमच्या अंगणात एका चटईवर जवळा, दुसऱ्या चटईवर सेल. कावळे फक्त जवळ्याकडे यायचे, एवढाच फरक.

या टेपरेकॉर्डरवर बाबांनी केलेलं एकच रेकॉर्डिंग घरात जपलेलं होतं, ते हिराआत्याचं. हिराआत्या बाबांची मोठी बहीण. दोन घरं सोडून राहायची, रोज पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात मासे विकायला जायची, आणि लग्नांत धवले म्हणायची. धवले म्हणजे आमच्याकडची लग्नाची गाणी. ती म्हणणारी बाई, धवलारीण, नसेल तर भटजी असूनही लग्न लागल्यासारखं वाटत नाही. हिराआत्या हळदीला बसली की नवरीच्या आईपासून कुत्र्यापर्यंत सगळी गप्प व्हायची, असं म्हणतात. 'म्हणतात' अशासाठी की मला ते फार ऐकायला मिळालं नाही. मी शाळेत असतानाच तिच्या गळ्यात गाठ झाली, मुंबईला ऑपरेशन झालं, गाठ गेली आणि गाणंही गेलं. बोलणं राहिलं, पण सुकं नारळाचं झाप ओढत न्यावं तसं, खरखरत. त्या आवाजात ती बाजारात भाव सांगायची, आणि गिऱ्हाईक घासाघीस न करता पैसे काढायचं. तिची कुजबूज इतरांच्या ओरडण्यापेक्षा भारी होती.

टेपवरचं गाणं मात्र गाठीच्या फार आधीचं, मी तीन वर्षांची असतानाचं, कुणाच्या तरी हळदीतलं. 'वाटीत हलद, ताटात हलद, पोरीच्या गाली सांडली गो' असं ते होतं. आवाज बारीक, टोकदार, आणि चाल अशी धावती की गाणारीच्या मागे कुत्रं लागलंय असं वाटावं. गाणं जसं पुढे जायचं तसा आवाज आणखी चढत जायचा. बाबा म्हणायचे, "बग, कशी रंगात आली." आणि शेवटी शेवटी, दोन ओळींच्या मधल्या श्वासात, एक चिरका, पोरासारखा आवाज यायचा. "मला पन!"

हा आवाज माझा, असं घरात सर्वमान्य होतं. हळदीत पोरांना गूळ-खोबरं वाटत होते, मी पुढे घुसून "मला पण" म्हणून ओरडले, आणि बाबांच्या एकमेव रेकॉर्डिंगचा सत्यानाश केला. पाहुणे आले की टेप लागायची, तो शब्द आला की सगळे माझ्याकडे बघून हसायचे, आणि आई माझ्या हातावर काहीतरी खायचं ठेवायची. मोठेपणी मी या लाजेचं भांडवल केलं. बोईसर स्टेशनच्या बाहेर एका शेठचं दुकान होतं. लग्नाचं शूटिंग करत, कॅसेट भरून देत. तिथे कामाला लागायला गेले तेव्हा शेठने विचारलं, "रेकॉर्डिंग का कुछ अनुभव है, बेन?" मी म्हटलं, "तीन साल की थी तब से." शेठ हसले आणि मला ठेवून घेतलं. ते गुजराती जैन, सज्जन माणूस. माणसाला हसवलं की तो आपल्यावर विश्वास ठेवतो, हे मला तेव्हा कळलं, आणि त्याचा मी पुढे भरपूर दुरुपयोग केला.

काही वर्षांनी त्या दुकानात कॉम्प्युटर आला. तो एका काचेच्या खोलीत ठेवला, खोलीला एसी बसवला, आणि आत जाताना चपला काढायच्या असा नियम झाला. देवळातही आम्ही इतक्या वेळा हात धूत नव्हतो. त्यात आवाजाचं एक सॉफ्टवेअर होतं, आणि त्यात एक करामत होती, जिच्यापायी मी पुढचे कित्येक महिने लोकांना नकोशी झाले. गाणं लांबवायचं किंवा आखूड करायचं, पण पट्टी बदलू द्यायची नाही. टेप किंवा तबकडी हळू फिरवली तर गाणं लांबतं, पण लता असो की कविता, रेड्यासारखी हंबरते. जोरात फिरवली तर उंदीर गातो. या सॉफ्टवेअरमध्ये तसं होत नसे. ते आवाजाचे बारीक बारीक तुकडे करतं, लांबवायचं असेल तर त्यातले काही पुन्हा पुन्हा लावतं, आखूड करायचं असेल तर काही गाळतं, आणि सांधे एकमेकांवर चढवून पुसून टाकतं. पाहुणे वाढले की आई कालवण वाढवायची पण चव ढळू द्यायची नाही, तसंच. फक्त आईला ते लगेच जमायचं. कॉम्प्युटरला बटण दाबून सांगायचं, बाहेर जाऊन चहा प्यायचा, परत यावं तर काम किती झालं ते दाखवणारी पडद्यावरची रेघ नखभर सरकलेली. मग वडापाव खायला जायचं. त्या करामतीने माझं वजन वाढवलं.

पहिलाच प्रयोग एका बिदाईवर केला. नवरी गाडीत बसायलाच तयार नव्हती, त्यामुळे शूटिंग लांबलं होतं आणि सनई आधीच संपत होती. मी सनई ताणली. नवरीच्या आईने दुकानात बसून ती कॅसेट पाहिली आणि नव्याने रडली. शेठ मला म्हणाले, "बेन, तुमने तो रुला दिया." झालं. त्या दिवसापासून मी स्वतःला काळाची मालकीण समजू लागले. घरी जेवताना मी सांगायची, की आता जगात कुठलंही गाणं कुठल्याही वेळेत बसवता येतं. बाबा भाकरी मोडत विचारायचे, "मंग ते कशाला बसवायचं?" आज माझा भाचा फोनवर कॉलेजची लेक्चरं दुप्पट वेगाने ऐकतो, एका बोटाने. सरांची पट्टी जराही ढळत नाही. मी त्याला एकदा विचारलं, की वाचलेल्या वेळात काय करतोस. तो म्हणाला, दुसरं लेक्चर ऐकतो.

अशात वनिताचं लग्न ठरलं. वनिता हिराआत्याची एकुलती मुलगी, माझ्याहून चार वर्षांनी लहान. ती पाळण्यात असताना तिचे वडील कावीळ होऊन आठवड्याभरात गेले. घरात त्यांचा एक फोटो होता, त्यात त्यांचा हात स्पष्ट आला होता आणि चेहरा हललेला. वनिता बापाला त्या हातावरून ओळखते, असं आम्ही थट्टेने म्हणत असू. लग्नाची बोलणी झाल्यावर आत्या आमच्या ओट्यावर येऊन बसली, रिकामी पाटी बाजूला उपडी घातली आणि कोरा चहा फुंकत आईला म्हणाली, "सगल्या गावाच्या पोरींना मी हलद लावली. माझ्या पोरीच्या हलदीला मी मुकी."

आई म्हणाली, "शेजारच्या गावची धवलारीण आनू. चांगले धवले मनते ती."

"तिला आनलीस तर मी हलदीला येनारच नाय," आत्या म्हणाली. आपल्याच मुलीच्या हळदीला.

इथे कुणीही शहाणं माणूस गप्प बसलं असतं. मी म्हणाले, "आत्या, तूच गाशील. तुझ्याच आवाजात. माझ्यावर सोड."

"गळ्याचं आपरेशन करनार तू?"

"टेपवरचं तुझं गाणं आहे ना? ते फार धावतं, त्यावर बायकांना नाचता येणार नाही, म्हणता येणार नाही. मी ते निवांत करते. आवाज तोच, तसूभर बदलणार नाही. फक्त चाल हळू."

आत्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मासा शिळा आहे की ताजा हे पाहताना ती असंच बघायची. मग म्हणाली, "कर." आणि वनिताला बाहेरूनच हाक मारून सांगितलं, "हलदीला मी गानार हाय गो!" त्या खरखरत्या आवाजातली ती हाक मला अजून ऐकू येते. तेव्हा ती ऐकून मला जबाबदारीची भीती वगैरे वाटली नाही. मी स्वतःवर खूश होते.

गाणं कॉम्प्युटरात घेतलं, बटण दाबलं, दोन वडापाव खाल्ले आणि कॅसेट भरून घरी आणली. दुपारची वेळ. आई, बाबा, आत्या, वनिता सगळी ओसरीवर बसली. मी सुरुवातीला छोटंसं भाषण केलं, ते इथे देत नाही. मग टेप लावली.

जे ऐकू आलं त्याला काय म्हणावं? बारीक आवाजातली एक मुलगी, जिला कुणी दोन्ही टोकांना धरून ओढतंय. प्रत्येक स्वर चालत्या पंख्यासमोर तोंड धरून म्हटल्यासारखा थरथरत होता. 'हलद' या शब्दाला चार चार ल लागत होते. आणि माझं ऐतिहासिक "मला पन" आलं ते "म-म-मला-ला-ला प-प-पन" असं. आईने तोंडात पदर कोंबला. बाबा निष्ठावान माणूस, म्हणाले, "थोडा बेस कमी हाय." आत्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग शांतपणे विचारलं, "ही शेली कोनाची?"

"आत्या, तुझाच आवाज आहे."

"माझा नाय. माझा आवाज जाड व्हता, बाप्यासारका. सासू मनायची, ही गाते की नांगर ओढते."

"पण टेपवर तर पहिल्यापासून असाच आहे! इतकी वर्षं तू काही बोलली नाहीस."

"मला वाटलं मशीनमदी जाताना आवाज बारीक होत असल. फोटोत नाय का मानूस एवढासा दिसत?"

वनिता म्हणाली, "चालेल की ताई. छान झालंय." तिने हे इतक्या मायेने म्हटलं की मला तिथल्या तिथे एखाद्या कर्ण्यात शिरावंसं वाटलं. आत्या उठली, पाटी उचलली. जाताना आईला म्हणाली, "ती शेजारच्या गावची बाय किती घेते, इचारून ठेव." आत्याने कुणाला शिव्या न देता हार मानलेली मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली.

पुढचे दोन दिवस मी तोंड पाडून हिंडले. कामाला जाताना कानाला वॉकमन लावायची माझी सवय होती. त्यातही बाबांनी उन्हात वाळवलेले सेल. तिसऱ्या सकाळी बोईसरच्या टमटममध्ये ते मान टाकू लागले. गाणारी बाई हळूहळू खाली खाली गेली, पुरुष झाली, मग राक्षस झाली. मी वैतागून बटण बंद करणार, तोच माझ्या त्या सुप्रसिद्ध कानात प्रकाश पडला. मरतुकड्या सेलांवर टेप ऐकली तर आवाज जाड येतो. मग मरतुकड्या सेलांवर टेप *भरली* असेल तर? टेप भरताना हळू सरकली, आणि नंतर आपण ती चांगल्या विजेवर पूर्ण वेगाने लावली, म्हणजे आवाज बारीक आणि चाल धावती. आत्या रंगात येत नव्हती. सेल संपत होते.

हे दहावीच्या पोरीला कळलं असतं. मला स्टेशन मागे गेल्याचं कळायला टमटमवाल्याला ओरडावं लागलं. परत चालत आले आणि वाटेत मला पुढचं कळलं, ते जास्त झोंबलं. या दुखण्याला माझी करामत चालणारच नव्हती. पट्टी न बदलता चाल बदलणं हे ज्याच्यासाठी मी जगाला पिडलं होतं, तेच इथे चूक होतं. बिघडल्या होत्या दोन्ही गोष्टी एकत्र, आणि एकत्रच उतरवायला हव्या होत्या. त्याचंही बटण सॉफ्टवेअरमध्ये होतं, पहिल्याच रांगेत. मी त्याला कधी हात लावला नव्हता, कारण तेवढं काम तबकडीवर बोट टेकवून कुणीही करतं.

पण किती उतरवायचं, हे आत्याशिवाय कोण सांगणार? बाजार आटोपल्यावर ती आणि वनिता दुकानात आल्या. आत्या चपला काढून काचेच्या खोलीत शिरली ती पाटीसकट. शेठनी आधी एक उदबत्ती लावली, मग दुसरी.

"शेठ, मासं नाय आनलं," आत्या म्हणाली. "नुसती पाटी हाय."

"मावशी," शेठ हात जोडून म्हणाले, "पाटी भी बोलती है."

पाटी बाहेर गेली. आत्या खुर्चीवर मांडी घालून बसली आणि मी गाणं थोडं उतरवून लावलं.

"खाली," आत्या म्हणाली.

आणखी उतरवलं.

"अजून."

आणखी. धावणारी चाल चालू लागली, बारीक आवाजाला अंग आलं. आत्याने डोळे मिटले. तिची बोटं गुडघ्यावर ठेका धरू लागली आणि गळ्यावरची ऑपरेशनची खूण गाण्याबरोबर हलायला लागली. "अजून जरा. बास. बास! हीच ती." एक भरदार, खालच्या अंगाचा, किंचित उर्मट आवाज त्या काचेच्या खोलीत भरला. वनिता तोंडावर हात ठेवून आईकडे बघत होती. आत्या डोळे न उघडता म्हणाली, "बाई, किती तोऱ्यात गायची ही."

शेवटचा भाग मात्र अजून वरच राहिला होता, कारण तिथवर सेल आणखी बसले होते. मी तेवढा तुकडा वेगळा कापला आणि जास्त उतरवला. पुन्हा लावला. आत्या गायली, श्वास घेतला, आणि त्या श्वासात माझं "मला पन" यायचं तिथे एक पुरुष बोलला.

"हळू मन."

मला वाटलं कॉम्प्युटर चुकला. मी खरोखर म्हणाले, "हा कोण मध्येच?" पुन्हा लावलं. आता नीट ऐकू आलं. जवळच बसलेला, सावकाश बोलणारा कुणीतरी, हसू दाबत: "हळू मन."

आत्याची बोटं गुडघ्यावर थांबली होती. तिने डोळे उघडले आणि वनिताकडे पाहिलं.

"तुजा बाप," ती म्हणाली.

मग वनिता म्हणाली, "ताई, परत लाव." मी लावलं. "परत." मी लावत राहिले. बाहेर एक गिऱ्हाईक फोटोंसाठी हुज्जत घालत होतं. शेठनी त्याला उद्या यायला सांगितलं आणि स्वतः बाहेरून दार ओढून घेतलं.

"असा बोलायचा?" वनिताने विचारलं.

"असाच. दोन शब्द बोलला की दमला. मी घाईची, तो हळू. हळू जेवायचा, हळू चालायचा, जाळं विनायला बसला की दर्या आटंल पन जाळं व्हायचं नाय. मी गायला लागली की मागं बसून हेच. हळू मन, हळू मन, पोरी दमल्या." आत्याने पदराने चेहरा पुसला. "गेला तेवढा घाईनं."

माझ्या लक्षात आलं, की माझ्या आयुष्यातलं एकमेव बालपणीचं रेकॉर्डिंग आत्ता माझ्याच हातांनी गेलं. वीस-बावीस वर्षं मी ज्याच्यावर खोबरं खाल्लं, ज्याच्यावर नोकरी मिळवली, ते मी बोललेच नव्हते. त्या हळदीत मी होते तरी का, असं घरी आल्यावर आईला विचारलं. आईने आठवून सांगितलं, "तुला ताप व्हता. तू घरीच व्हतीस, आज्जीपाशी." हे तिला इतकी वर्षं आठवलं नव्हतं. मी म्हटलं, मग खायला कशाला देत होतीस? आई म्हणाली, "पोर खाते तर द्यावं."

हळदीच्या दिवशी बाबांनी चांगले दोन कर्णे काढले, फडक्याने पुसले, आणि वायर एका जुन्या, बिनवासाच्या भेंडोळ्याची वापरली, असा त्यांचा तरी दावा होता. टेप लावायची की नाही यावर आत्या आणि वनिताचं भांडण झालं होतं. आत्याचं म्हणणं, आपलं घरातलं बोलणं साऱ्या गावाला कशाला? वनिता म्हणाली, माझ्या हळदीला माझा बाप असेल, नाहीतर हळद नको. वनिता आयुष्यात पहिल्यांदा इतकं मोठ्याने बोलली, आणि आत्याला तिच्यात आपलाच आवाज ऐकू आला असावा, कारण तिने टेपला हो म्हटलं.

संध्याकाळी अंगण भरलं. वनिता पाटावर, समोर बायका, वाट्यांत हळद, बाजूला माझ्या ताब्यात अॅम्प्लिफायर. मी बटण दाबलं आणि नारळावरून हिराआत्या गाऊ लागली. म्हाताऱ्या बायका दचकल्या. एकीने पदर सावरला. "हिरीच गो ही!" म्हणाली. मग एकेक गळा तिच्यात मिसळायला लागला. आजवर त्या टेपबरोबर कुणालाच म्हणता आलं नव्हतं, कारण तितकं वर कुणाचा गळा पोचत नव्हता. आता सगळ्यांना जागा होती. आत्या दोन्ही हातांनी लेकीच्या दंडांना हळद चोळत होती आणि ओठ हलवत होती, आवाजाशिवाय.

तो क्षण जवळ येताना माझ्यातल्या कलावंताला राहवलं नाही. ते दोन शब्द सगळ्यांना नीट ऐकू जावेत म्हणून मी आवाज थोडा वाढवायचा ठरवलं. थोडा म्हणजे किती, हे ठरवण्यात माझा हात चुकला. "हळू मन" हे दोन शब्द दांडीच्या साऱ्या किनाऱ्यावर असे कोसळले की खाडीच्या पलीकडे कुत्री भुंकू लागली. बायकांच्या ओळी तुटल्या. एका म्हातारीच्या हातातली वाटी पडली. सगळ्या वर बघू लागल्या, नारळाकडे.

आत्यानेही वर पाहिलं. हळदीचा हात तसाच हवेत. मग त्या खरखरत्या आवाजात, रोज सांगतात तसं, तिने कर्ण्याला सांगितलं, "मनते रे बाबा, मनते." आणि बायकांकडे वळून म्हणाली, "थांबल्या कनाला? ऐकलं ना? हळू मना."

बायकांनी पुन्हा धरलं, हळू. टेपवरच्या चालीहूनही हळू. आत्याचा हळदीचा हात ठेका देत होता आणि तो दर ओळीला आणखी सावकाश पडत होता. वर नारळावर तरुण हिराआत्या पुढे निघून चालली, खाली बायका एका ओळीने मागे, मग दोन ओळींनी. कुठलंही गाणं कुठल्याही वेळेत बसवून देणारी मी बटणाला हात लावून उभी. एकदा नारळाकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. बाबांनी होकारार्थी मान हलवली. मी आवाजाचं बटण शून्यावर नेलं.